सुमनवर मी चालवलेला खटला

सुलूआत्या दर रविवारी यायची, म्हणून रविवारी आमच्याकडे सुक्या मासळीचं जेवण असायचं. घाटकोपरच्या डोंगरावर, नळ संपतात त्याच्याही वर, आमची पत्र्याची खोली होती. माणसं सात, स्टोव्ह एक, आणि भिंतीवर तो एक फोटो, ज्याच्यापुढे अगरबत्ती लागल्याशिवाय आई सकाळचा चहा कुणाला द्यायची नाही. स्टोव्हला पंप मारल्याची फसफस, मग त्याची गुरगुर, मग तव्यावर बोंबील पडल्याचा चर्रकन आवाज, आणि मध्येच शेजारच्या रेडिओवर दातांच्या पावडरीची जाहिरात. आत्या उंबऱ्यातूनच ओरडायची, "वैनी, जवला केलास काय गो? खाली नळापाशी वास आला!" पदर खोचून ती भिंतीला टेकून बसायची आणि तांदळाच्या भाकरीचे मोठमोठे तुकडे मोडून, बोटं चाटत, बाबांशी गावच्या गप्पा करत तास-दीड तास जेवायची. ही माझ्या बाबांची धाकटी बहीण, चौतिशीची, नवऱ्याने टाकलेली. मुलुंडच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. फोनवर तिचा आवाज इतका गुळगुळीत यायचा की एकदा पोस्टातून फोन केला तेव्हा मी राँग नंबर समजून ठेवून दिला होता.

चार वाजले की ती उठायची आणि जेवण अंगावरून उतरवायची. दुसरा शब्द मला सुचत नाही. मोरीत बसून शिकेकाईने केस धुवायची. अर्धं लिंबू घेऊन एकेक बोट, एकेक नख चोळायची. पिशवीतून आणलेली दुसरी साडी नेसायची. आणि खाली बसथांब्यावर गजरा घ्यायची, तोही चांगला जाडजूड, म्हणजे बसमध्ये शेजारी बसणाऱ्याला मोगऱ्याशिवाय दुसरा वासच येऊ नये. मुलुंडला ती एका बाईंच्या घरात खोली घेऊन राहायची आणि तिथे तिचं नाव होतं सुलभा काळे. आमचं, आणि नवऱ्याने टाकल्यापासून तिचंही, आडनाव कांबळे. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. बाईंचं नाव ती कधी सांगायची नाही, पत्ता तर नाहीच. "बाई चांगल्या आहेत," एवढंच. मला ते 'चांगल्या'सुद्धा संशयास्पद वाटायचं. चांगल्या आहेत तर लिंबू कशाला?

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि पत्रकं लिहायचे. सायक्लोस्टाइलची शाई नखांत घेऊन कॉलेजला जायचे आणि ती कुणाला दिसावी म्हणून वही मुद्दाम उजव्या हातात धरायचे. माझं प्रत्येक वाक्य 'जाब द्या'ने सुरू व्हायचं नाहीतर उद्गारचिन्हाने संपायचं. पाण्याच्या लाइनसाठी लिहिलेल्या पत्रकात मी एकदा अकरा उद्गारचिन्हं घातली होती. पाणी तरीही आलं नाही. आज ती पत्रकं वाचते तेव्हा हसू येतं, पण लाज वाटत नाही. राग खरा होता. लाज वाटते ती वेगळ्या गोष्टीची, आणि तीच इथे लिहायला घेतली आहे.

आमच्या भागातल्या तरुणांचं एक मंडळ होतं, त्याची एक पद्धत होती. वर्षातून एकदा आम्ही अभिरूप न्यायालय भरवायचो. म्हणजे कथा-कादंबरीतल्या पात्रावर खटला. एक फिर्यादीचा वकील, एक बचावाचा, आणि वर न्यायाधीश म्हणून कुणीतरी मान्यवर. म्युनिसिपल शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर हिरवं कापड टाकायचं, न्यायाधीशापुढे लाकडी हातोडी म्हणून पाट्यावरचा छोटा वरवंटा ठेवायचा. नियम एकच आणि कडक: पुरावा पुस्तकातलाच द्यायचा. पान सांगायचं, ओळ वाचून दाखवायची. जे छापलेलं नाही ते झालेलंच नाही.

त्या वर्षी आरोपी होती सुमन. कुठल्याशा मासिकातल्या कथेची नायिका. मासिकाचं नाव आता आठवत नाही, लेखकाचं तर तेव्हाही कुणी बघितलं नाही. सुमन आमच्यातली. फोर्टात टायपिस्ट. बोरीवलीला एका म्हाताऱ्या जोडप्याकडे आडनाव बदलून राहते. दर रविवारी भावाकडे जाऊन येते. एक दिवस तो भाऊ गावाहून आलेली तांदळाची पिशवी घेऊन तिच्या दारात उभा राहतो. म्हातारी विचारते, "कोण गं?" आणि सुमन म्हणते, "कुणी नाही. गावाकडचा गडी आहे." भाऊ पिशवी दारात ठेवतो आणि निघून जातो. संपली कथा.

कथा वाचून मी पेटले. मी फिर्यादी होणार हे मीच जाहीर केलं. मला सुमनचा संशय होता, म्हातारीचा होता, आणि सगळ्यांत जास्त लेखकाचा. त्याने तिला गोरी आणि घाऱ्या डोळ्यांची का केली? म्हणजे आमच्यातली मुलगी खपून जायची तर आधी ती त्यांच्यासारखी दिसायला हवी, हे त्याने गृहीतच धरलं. सुमन काय खाते हे अख्ख्या कथेत एकदाही नाही. ती खिडकीत उभी राहते, उसासे टाकते, चंद्र बघते. नोकरी करणारी बाई एवढा चंद्र कधी बघते? बचावाला उभा राहिला दिलीप, खालच्या सोसायटीतला, लॉ कॉलेजात जाणारा, मंडळाचा सेक्रेटरी. मला त्याचाही संशय. "तुला सुमनचा एवढा कळवळा का रे?" मी विचारलं.

"मंगल, तू सगळ्यांनाच आरोपी करतेस यार."

"मग कुणी निर्दोष असला तर येऊ दे ना समोर. मी कुठे अडवलंय?"

आदल्या रविवारी जेवता जेवता मी ती कथा घरात मोठ्याने वाचून दाखवली. कुणाला ऐकवण्यासाठी वाचत होते हे सांगायला नको. आत्या जवळा-भाकरी खात ऐकत होती. भावाच्या जागी आल्यावर तिचा हात ताटात थांबला.

"मग? गेला भाऊ?"

"गेला."

"आणि तांदूळ?"

"तांदूळ दारातच."

"तिने आत घेतले काय नाय?"

"ते लेखकाने लिहिलं नाही."

"मग त्याला काय माहीतच नाय," आत्या म्हणाली आणि पुन्हा खायला लागली. "आधी तांदूळ आत घेतले असतील तिने. मुंग्या लागतात. रडली असेल नंतर."

आई हसली. बाबा हसले नाहीत. मी म्हणाले, "आत्या, तिने सख्ख्या भावाला गडी म्हटलं. याला तू काय म्हणशील?"

"तिला खोली पाहिजे होती गो. काय म्हणू?" ती उठली, ताट मोरीत ठेवलं आणि लिंबू मागितलं. "तू एकदा खोली शोधून बघ, मंगे. मग खटला घाल."

मला ते उत्तर इतकं झोंबलं की मी त्याच संध्याकाळी भाषण लिहायला बसले. कथेत जिथे जिथे चंद्र होता तिथे तिथे मी खरं सामान भरलं. सुमन रविवारी भावाकडून निघताना काय करत असेल? मला माहीत होतं ती काय करत असेल. मी लिहीत गेले, आणि त्यातलं एक वाक्य इतकं फर्मास उतरलं की मी ते तीनदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

खटल्याच्या दिवशी हॉल भरला. आमच्या डोंगरावरच्या बाया मागच्या सतरंजीवर, आई त्यांच्यात. सोसायट्यांमधले लोक पुढच्या खुर्च्यांवर. ठरलेले न्यायाधीश आजारी पडले होते म्हणून दिलीपने दोन दिवस आधी त्याच्या जुन्या मुख्याध्यापिकांना, मुलुंडच्या लिमयेबाईंना, गळ घातली होती. त्या आल्या: पांढरी साडी, चष्मा, गुडघे दुखत होते म्हणून सावकाश चालत. त्यांची पिशवी आणि पाण्याची बाटली धरून, त्यांच्या कोपराला हात देऊन, मागून येत होती माझी सुलूआत्या.

तिने मला पाहिलं. चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही. दिलीप म्हणाला, "बाई, ही मंगल, फिर्यादीची वकील. आणि मंगल, या काळेताई, बाईंकडे राहतात." माझ्या आत्याने मला हात जोडले. "नमस्कार," ती म्हणाली. त्या टेलिफोनच्या आवाजात. दिलीपने माझं आडनाव उच्चारलं नव्हतं. मी पुढे होऊन ते सांगेन की काय, या भीतीने तिचे जोडलेले हात तसेच राहिले. मी सांगितलं नाही. मीही "नमस्कार" म्हणाले आणि टेबलाच्या माझ्या बाजूला गेले. सतरंजीवरून आईने एकदा मान वर केली आणि मग शेजारणीच्या पोराचं नाक पुसायला लागली. आमच्या सगळ्या बायकांना आत्या माहीत होती. एकीनेही ओळख दाखवली नाही. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

वीस मिनिटं मी बोलले. झकास बोलले. सुमनच्या गोऱ्या रंगावर बोलले, तिच्या चंद्रावर बोलले, टाळ्या घेतल्या. "आरोपीने आडनाव बदललं असं बचावपक्ष म्हणतो. मी म्हणते, तिने आईबाप बदलले!" मागून शिट्टी आली. आत्या पहिल्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि माझ्याकडे अशी बघत होती जसं एखाद्या अनोळखी हुशार मुलीकडे बघावं. तिचं ते बघणं मला सहन झालं नाही. ते वाक्य पुढच्या पानावर आहे हे मला माहीत होतं. पान उलटायच्या आधीच माहीत होतं. ते गाळून पुढच्या परिच्छेदावर जाता आलं असतं. तेवढा वेळ होता. चाळीस वर्षं मी स्वतःला सांगत आले की भाषणाच्या भरात गेलं. आज स्वतःवरच विश्वास बसत नाही.

मी वाचलं: "भावाच्या घरी पोटभर सुकट खाऊन निघताना जी बाई एकेका बोटाला लिंबू चोळते, केस धुते, साडी बदलते, बसथांब्यावर जाड गजरा माळते, आणि मग मालकिणीच्या दारात देवघरातून आल्यासारखी उभी राहते, ती बाई कुणाला फसवते?"

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या, कारण लिमयेबाईंनी वरवंटा उचलला होता.

"थांब," त्या म्हणाल्या. त्यांच्यापुढे मासिक उघडं होतं. त्यांनी कथा नीट वाचली होती, पेन्सिलीने खुणा करून. "हे कोणत्या पानावर आहे?"

मी हातातले कागद चाळायला लागले.

"रविवारी भावाकडे जाते, हे आहे. लिंबू नाही. गजरा नाही. साडी बदलणं नाही. मी दोनदा वाचलीय कथा." त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा होता, रागावलेला नव्हता. "पुस्तकाबाहेरचा पुरावा चालत नाही असं तुमचाच नियम सांगतो. मग हे तुला कुठे मिळालं?"

दिलीप हळूच म्हणाला, "ऑब्जेक्शन घ्यायचं मलाच सुचायला हवं होतं," आणि लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्या वाट बघत होत्या. आत्याने पिशवीचे बंद मुठीत धरले होते. तिच्या केसांत गजरा होता. रविवारच होता तो. ती त्या दिवशी आमच्याकडे जेवायला आलेली नव्हती, पण गजऱ्याची सवय लागली होती.

"माझ्याकडून," मी म्हणाले. "मीच करते तसं. कॉलेजात जाताना."

"कशासाठी?"

"बाकावर शेजारी बसते ती तोंड फिरवते म्हणून."

मी आयुष्यात कधी बोटांना लिंबू चोळलं नव्हतं. मी शाई मिरवणारी होते. पण बोलून झाल्यावर एकदम आठवलं की मंगळवारी आणि शुक्रवारी, म्हणजे डबा सगळ्या मुली एकत्र खायच्या त्या दिवशी, मी आईला बटाट्याची भाजी दे म्हणून सांगत असे. मासळी दुपारपर्यंत टिकत नाही, हे कारण. आईने ते कारण कधी उलटून विचारलं नाही.

लिमयेबाईंनी निकाल दिला तो आजही आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना आठवतो. फिर्यादीच्या वकिलानेच साक्ष दिली आहे, त्यामुळे आरोपीवर खटला चालवण्यात अर्थ उरला नाही, असं त्या म्हणाल्या. एखाद्या बाईला डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून नाव टाकावं लागतं, तेव्हा चूक नाव टाकणारीची की टाकायला लावणाऱ्याची, हे ज्याने त्याने आपल्या घरी जाऊन विचारावं. आरोपी निर्दोष. टाळ्यांनी पत्रे हलले असते, हॉलला असते तर. बाई उठल्या. आत्याने त्यांच्या कोपराला हात दिला. जाताना ती माझ्यासमोरून गेली आणि "छान बोललात," म्हणाली. मला. अहो-जाहो करून.

डोंगर चढताना आई दोनदा थांबली. दुसऱ्या वेळी म्हणाली, "माझ्या पोरीच्या हाताला वास येतो काय गो? चारचौघांत सांगितलंस?"

"आत्याला वाचवायला सांगितलं ना!"

"वाचवायची वेळ आणली कुणी?"

त्यानंतर तीन रविवार आत्या आली नाही. चौथ्या रविवारी आली ती दुपारी, जेवणाची वेळ टळून गेल्यावर. बाईंचा पुतण्या सांगलीहून शिकायला येतोय, महिनाअखेर खोली रिकामी करायची आहे, असं तिने बाबांना सांगितलं. आईने विचारलं, "त्या दिवशी काय बोलली ती बाई तुला?"

"काय नाय. बसमध्ये पेंगत होत्या. घरी गेल्यावर चहा केला त्यांनीच. मला दिला."

"रोजच्याच कपात?"

आत्याने पिशवी खाली ठेवली. "तेच आठवत नाय वैनी. तवापासून आठवतेय. माझ्या रोजच्या कपावर निळी फुलं असतात. त्या दिवशीच्यावर होती का नव्हती, एवढंच आठवायचंय."

मी खवळले. पुतण्या-बितण्या कुणी नाही, हे थोतांड आहे, त्या निकालाच्या भाषणाचं मी पत्रक काढते आणि मुलुंडभर वाटते, त्यांच्याच शब्दांत जाब विचारते, असं मी म्हणाले. आत्याने मला एकदाच विचारलं, "ते वाक्य तुला गाळता येत नव्हतं काय?" मी म्हणाले, "लक्षात नाही आलं." तिने मान हलवली. तिला पटलं की नाही ते मला कळलं नाही, आणि पुढे ती वारली तोपर्यंत विचारायचं धाडस झालं नाही.

मी मुलुंडला गेलेच. पत्ता दिलीपकडून काढला आणि समोरच्या पिठाच्या गिरणीपाशी दळणाचा डबा घेऊन आल्यासारखी उभी राहिले. तासाभराने गॅलरीत एक पोरगा आला, सतरा-अठराचा, ओला टॉवेल झटकत. पुतण्या होता. खरोखरचा होता. मला इतका राग आला की गिरणीवाला म्हणाला, "काय झालं ताई, पीठ जाड दळलं काय?" पण पुतण्या खरा असला म्हणून काय सिद्ध झालं? तो आधीच येणार होता, की त्या बसमध्ये पेंगता पेंगता बाईंनी त्याला बोलावायचं ठरवलं? कपावर फुलं होती की नव्हती? बाईंनी त्या दिवशी आत्याचा गजरा पाहिला होता की नाही? रविवारी आत्या आली तेव्हा मी तिला पुतण्याचं सांगितलं. ती म्हणाली, "खरा असूदे नायतर खोटा. खोली त्यालाच गेली ना?"

मग खोल्या शोधणं सुरू झालं. आमच्याकडे आठवं माणूस मावत नव्हतं आणि आत्याची ड्युटी रात्री दहाला सुटायची. डोंगर चढून यायचं म्हणजे बाबांना रोज खाली कंदील घेऊन उभं राहायला लागलं असतं. ती रजा टाकायची त्या संध्याकाळी, कॉलेज सुटल्यावर, मी तिच्याबरोबर जायचे. भांडुपला दोन, नाहूरला एक, कांजूरला तीन. कांजूरला एकीने फडताळ उघडून देव दाखवले आणि म्हणाली, "आमच्याकडे सोवळं आहे हो, म्हणून विचारते." एकाने काही न विचारता फक्त "कळवतो" म्हटलं. एका बाईकडे आत्याने खरं आडनाव सांगितलं. का ते मला माहीत नाही, कदाचित मी शेजारी उभी होते म्हणून. त्या बाईने अगदी गोड हसून पाणी विचारलं आणि खोली कालच गेल्याचं सांगितलं. जिन्यात आत्या म्हणाली, "बघ, झालं तुझ्या मनासारखं." माझ्याकडे त्या वेळी एकही पत्रक नव्हतं.

महिना संपायला चार दिवस राहिले होते. मुलुंडमध्येच, स्टेशनच्या पलीकडे, तळमजल्यावरची एक खोली होती, मागच्या दाराला वेगळी मोरी असलेली. दारात बनियनवर एक म्हातारे गृहस्थ मेथी निवडत बसले होते. नोकरी विचारली, ड्युटी विचारली, नवरा विचारला. आत्या नीट उत्तरं देत होती, नवऱ्याचं आडनाव सोडलंय हेही तिने सांगितलं. मग त्यांनी मेथीची काडी सुपात टाकली आणि विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

आत्याने तोंड उघडलं आणि मिटलं. ती माझ्याकडे बघायला लागली. त्या बघण्यात राग नव्हता, विनंतीही नव्हती. ती थकली होती आणि मी काय म्हणते ते खरंच ऐकायला थांबली होती.

"काळे," मी म्हणाले.

"आणि तू कोण यांची?"

"भाची. भावाची मुलगी."

"म्हणजे तूही काळेच."

"हो," मी म्हणाले. "मंगल काळे."

त्यांनी आतून किल्ली मागवली. आत्याने माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. ती नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारत होती.